लेकीचं लेकरू नोंदवहीत घेत नाहीत

सरकारी नोकरीत असताना मी बऱ्याच माणसांना जन्माला येऊ दिलं नाही.

वाचकांनी दचकू नये. मी डॉक्टर नव्हतो, ग्रामसेवक होतो. गावातल्या जन्म-मृत्यूची नोंद ठेवणं हे ग्रामसेवकाच्या पन्नास कामांतलं एक. आमच्या खात्याच्या दृष्टीनं लेकरू आईच्या पोटातून बाहेर आलं की जन्मत नाही, ग्रामसेवकानं पेनाचं टोपण काढलं की जन्मतं. मी टोपण काढलं नाही अशी माणसं आज हिंगोली जिल्ह्यात पस्तीस-चाळिशीची आहेत. हळद लावतात, जीप चालवतात, मतदान करतात, त्यांतला एक तर पाच वर्षं सरपंचही होता. फक्त ती जन्मलेली नाहीत.

या दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला सुचवलं होतं, "भाऊसाहेब, तुम्ही गावोगाव शौचालयं कशी बांधून घेतली, त्यावर लिहा." ती मी कागदावर बांधली, त्यामुळे त्यावर लिहिण्यासारखं फार नाही. जे खरोखर केलं ते लिहितो.

गावाचं नाव लिहीत नाही. औंढा तालुक्यातलं आहे, जवळा बाजारहून सायकलवर तासाभराचं. नाव लिहिलं तर तिथली निम्मी घरं दाखला मागत दिवाळीचा फराळ माझ्या दारात येऊन करतील.

बाहेरच्या माणसाला आमचा धंदा कळावा म्हणून आधी नियम सांगतो. नियम एका ओळीचा आहे: जन्म ज्या गावात झाला, त्या गावात नोंद. आई कुठली, बाप कुठला, शेत कुठं, रेशन कुठं, काही विचारायचं नाही. इतका सोपा नियम सरकारनं क्वचितच केला असेल, आणि म्हणूनच आम्हाला तो पचला नाही.

कारण आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. गरीब असो, श्रीमंत असो, सातव्या महिन्यात लेक माहेरी येते आणि लेकरू सव्वा महिन्याचं झालं की सासरी जाते. म्हणजे गावात जन्मणाऱ्या लेकरांतली पहिली सगळी 'दुसऱ्या गावची'. मला चार्ज देणारे जुने ग्रामसेवक पान चघळत म्हणाले होते, "एक गोष्ट ध्यानात ठेवा. लेकीचं लेकरू नोंदवहीत घेत नाहीत. ते पाहुणं असतं. पाहुण्याला ताट वाढावं, घरपट्टीच्या यादीत घालू नये."

"पण नियम तर…"

"नियम बराबर आहे. पण कुटुंब नियोजनाचं उद्दिष्टही आहे. गावात जन्म किती झाले, ते दर महिन्याला वर जातं. दुसऱ्याच्या सुनांची लेकरं तुम्ही आपल्या गावावर कशाला घेता? मीटिंगमध्ये उभं तुम्हाला करतील, जावयाला नाही."

हे मला पटलं. वाईट गोष्ट पटायला मला कधीच फार वेळ लागला नाही. महिनाअखेरीस तालुक्याला अहवाल जायचा. त्यात जन्माच्या रकान्यात शून्य असेल तर 'निरंक' लिहायचं. हा शब्द मला फार आवडायचा. लिहायला सुबक, आणि त्याला पुरावा लागत नाही. तीन गावांचा चार्ज, एक सायकल आणि पावसाळ्यात मांडीपर्यंत चिखल. मग लेकीची लेकरं वगळायची, जमलं तर सुनांचीही पुढच्या महिन्यावर ढकलायची, की गाव निरंक. एका वर्षी माझ्या गावात इतके कमी जन्म झाले, की तालुक्याच्या सभेत मला शाल आणि नारळ मिळाला. टाळ्या वाजत होत्या तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर गाव होतं. दर दुसऱ्या अंगणात दोरीवर दुपटी वाळत होती.

अर्थात अगदीच माणुसकी सोडली नव्हती. लेकीचा बाप नोंदीला आला तर त्याला मी रिकाम्या हातानं पाठवत नसे. चिठ्ठी देत असे. सासरच्या गावच्या ग्रामसेवकाच्या नावानं: आपल्या गावची सून अमुक ही येथे बाळंत झाली असून नोंद आपल्याकडे घ्यावी. खाली सही, शिक्का. तिकडचा ग्रामसेवक ती चिठ्ठी वाचून म्हणायचा, जन्म इथं झाला नाही, नियमाप्रमाणे नोंद घेता येत नाही. तो बराबर होता. मी वाकडा होतो, पण सभ्य होतो. 'नाही' म्हणायचं आणि वर शिक्का मारून द्यायचा, ही सभ्यता सरकारी नोकरीतच शिकायला मिळते.

याचा परिणाम असा झाला, की माझ्या काळातली नोंदवही उघडली तर त्यात सगळी दुसरी, तिसरी, चौथी लेकरं. पहिलं एकही नाही. जणू आमच्या भागातल्या बायका थेट दुसऱ्यापासून सुरुवात करत होत्या.

त्यातही गंमत अशी, की नोंदीच्या वेळी बारसं झालेलं नसे, म्हणून नावाच्या जागी नुसतं 'मुलगा' किंवा 'मुलगी'. बालाजी आणि गजानन हे सख्खे भाऊ. थोरला बालाजी आजोळी जन्मला, म्हणून कुठंच नाही. धाकटा गजानन घरी जन्मला, म्हणून नोंदवहीत 'मुलगा'. कुठल्याशा भरतीसाठी दाखला हवा म्हणून बालाजी माझ्याकडे आला.

"भाऊसाहेब, हितं नाव न्हाई. माझं टाका."

"अरे, ही नोंद गजाननची आहे."

"गजा काय करतो जन्मून? बारावीत दोनदा बसला."

मी बालाजीचं नाव टाकलं. बालाजी दोन वर्षांनी लहान झाला आणि नोकरीला लागला. काही वर्षांनी गजानन आला. त्याला कर्जासाठी की कशासाठी दाखला हवा होता. मी वही उघडून दाखवली.

"म्हंजे दादा माझ्या तारखेला जन्मला?"

"हो."

"आन् मी?"

"तुझी नोंद आढळून येत नाही."

त्यानं वहीतल्या तारखेवर बोट ठेवलं. मग म्हणाला, "दोन वर्सं झाली माझ्या लग्नाला. तुमी पंगतीला व्हते. तीन येळा जिलबी मागून घेतली. ती कुणाच्या लग्नाची व्हती मंग?"

त्या दिवशी मी हसलो. ही गोष्ट मी पुढं सहकाऱ्यांना रंगवून सांगतही असे. माझ्या मनाला ती लागली नाही, कारण गजाननचं अडलेलं काम पुढं कसंबसं झालं. ज्यांचं अडून राहतं, त्यांची गोष्ट रंगवून सांगता येत नाही. ती मी आजवर कुणालाच सांगितली नव्हती.

मारोतराव हे त्या गावातले शेतकरी. चार एकर, दोन बैल आणि एकच लेक, लक्ष्मी. हट्ट्याकडच्या एका वाडीला दिलेली. नव्वद सालच्या आसपास लक्ष्मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि तिला मुलगी झाली. त्या दिवशी मी गावातच होतो. मारोतरावांनी पंचायतीत येऊन माझ्या हातावर गूळ ठेवला आणि म्हणाले, "लिवून घ्या, भाऊसाहेब. पहाटं झाली. लेकरू गोरंपान हाय."

"मारोतराव, पोरगी सासरच्या गावची. तिकडं लिहितील. मी चिठ्ठी देतो."

मारोतराव चौथी शिकलेले. त्यांनी चिठ्ठी तिथंच उभ्या उभ्या वाचली. "ह्याच्यात तर तुमीच लिवलं, की हितं झाली म्हून. मंग हितंच काहून लिवत न्हाई?"

प्रश्न बिनतोड होता. मी म्हणालो, "तशी पद्धत आहे."

मारोतराव बसनं वसमत आणि तिथून पुढं असे लेकीच्या सासरी गेले. तिकडच्या ग्रामसेवकानं चिठ्ठीच्या पाठीवर लिहिलं, 'जन्म येथे झालेला नाही. परत.' सही, शिक्का. मारोतराव माझ्याकडे आले. मी पाठीवरच त्याखाली लिहिलं, 'मुलगी सासरची असल्याने नोंद तिकडेच घ्यावी.' सही, शिक्का. पेरणीचे दिवस होते. तरी ते पुन्हा तिकडे गेले आणि पुन्हा तसेच परत आले. या वेळी तिकडच्यानं काही लिहिलं नव्हतं, कारण कागदावर जागा उरली नव्हती. तिसऱ्या खेपेला मी पंचायतीत असूनही नाही असं कोतवालाला सांगायला लावलं. त्यानंतर ते आले नाहीत. त्या महिन्याचा माझा अहवाल होता: जन्म, निरंक.

पुढं बदल्या होत होत नोकरीची शेवटची वर्षं मी पुन्हा त्याच गावात आलो. लक्ष्मीची मुलगी, सुमन, तेव्हा अठराची होती. नर्सिंगच्या प्रवेशासाठी जन्माचा दाखला नसेल तर 'नोंद नाही' असं तरी लिहून आणा, असं तिला सांगितलं होतं. आजोबा तिला घेऊन आले. थकले होते.

"भाऊसाहेब, ही ती. तुमी न्हाई म्हणले व्हते ती."

"मला काही आठवत नाही, मारोतराव," मी म्हणालो.

आठवत होतं. चिठ्ठीवरचा मजकूरही आठवत होता. मी वही काढली, त्या सालची पानं चाळली, दोनदा चाळली, बोट फिरवून दाखवलं, आणि लिहून दिलं: 'सदर जन्माची नोंद या कार्यालयाच्या अभिलेखात आढळून येत नाही.' जी नोंद मी घेतली नाही, ती आढळत नाही असा दाखला मीच दिला. माझ्या अख्ख्या नोकरीत इतका बिनचूक दाखला मी दुसरा दिला नसेल. मारोतरावांनी तो उभ्या उभ्या वाचला. नमस्कार करून गेले. दोन वर्षांनी वारले. त्या मृत्यूची नोंद मात्र मी त्याच दिवशी घेतली.

आता यंदाचं सांगतो. त्याआधी थोडं नागरिकत्वाचं, कारण हल्ली चहाच्या टपरीवरही त्यावर चर्चा असते आणि सगळी चुकीची असते. जन्मानं भारतीय कोण, याचे नियम तीन तुकड्यांत आहेत. १ जुलै १९८७ च्या आधी इथं जन्मलेला माणूस भारतीय, आईबाप कोणीही असोत. त्या दिवसापासून ३ डिसेंबर २००४ च्या आधीपर्यंत जन्मलेल्याचे आई किंवा बाप यांतलं एक तरी भारतीय असावं लागतं. त्यानंतर जन्मलेल्याचे दोघंही भारतीय हवेत, किंवा एक भारतीय आणि दुसरं चोरवाटेनं आलेलं नको. तिन्हींत एक अट कायम: जन्म इथं झालेला असावा. आणि जन्म झाला हे दाखवायला माणूस स्वतः टेबलासमोर येऊन उभा राहिला तर ते चालत नाही. आधार कार्डानं तुम्ही तुम्हीच आहात हे कळतं, कुठले आहात ते कळत नाही. रेशन कार्डानं गहू मिळतो. जन्म मिळतो तो ग्रामसेवकाच्या वहीत.

यंदा उन्हाळ्यात वसमतला माझ्या घरी दोघी जणी आल्या. एकीनं प्लॅस्टिकची पिशवी छातीशी धरली होती. "वळखलं का, भाऊसाहेब? मी लक्ष्मी. मारोतरावाची."

दुसरी सुमन. नांदेडला दवाखान्यात नर्स. नवरा अपघातात गेलेला, एक मुलगा शाळेत. जर्मनीला नर्सच्या नोकरीसाठी तिची निवड झाली होती. तिची भाषेची परीक्षाही झाली होती. तिथं जन्माचा दाखला लागतो, शाळेचा चालत नाही. महिन्याभरात दिला नाही तर जागा दुसरीला. दाखल्यासाठी उशिरा नोंदणीचा अर्ज तिनं तालुक्याला केला होता. वर्षाच्या वर उशीर झाला की मॅजिस्ट्रेटचे अधिकार असलेल्या साहेबाचा आदेश लागतो. हल्ली या कामात चौकशी फार, कारण बाहेरून आलेल्या लोकांनी खोटे दाखले काढले असा संशय.

"खिडकीवरचा म्हणला, तुमी सरहद्दीपलीकडून आल्या नाहीत हे कशावरून?" सुमन म्हणाली.

"मी म्हणलं, बाबा," लक्ष्मीबाई मध्येच म्हणाल्या, "आमाला औंढ्याला यायचं तर दोन गाड्या बदलाव्या लागतात. सरहद्दीवर कोणती गाडी जाते ते तूच सांग."

मग त्यांनी पिशवीतून चिठ्ठी काढली. चार घड्या पडलेली, कडा झिजलेल्या. एका कागदावर दोन गावांचे तीन शिक्के, तीन सह्या, आणि नोंद एकही नाही. "बाबाच्या पेटीत व्हती. ही दाखवली तर चालंल का? तुमचं अक्षर हाय."

मी चिठ्ठी हातात घेतली. त्यात स्पष्ट लिहिलं होतं, की मुलगी या गावात झाली. जन्माचा यापेक्षा चांगला पुरावा असू शकत नाही. आणि जन्म माहीत असून मी नोंद घेतली नाही, त्याच महिन्यात वर निरंक कळवलं, याचाही यापेक्षा चांगला पुरावा असू शकत नाही. माझ्या डोळ्यांसमोर पेन्शन आली.

"नाही चालायची," मी म्हणालो. "साधी चिठ्ठी आहे. अशा चिठ्ठ्यांना अर्थ नसतो."

सुमननं ती घडी घालून पिशवीत ठेवली. लक्ष्मीबाई म्हणाल्या, "तुमाला तकलीफ दिली." चहा न घेता दोघी गेल्या.

आमच्या सौभाग्यवती स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. निवृत्त माणसाच्या बायकोला सगळं ऐकू येतं.

"आपला प्रशांत कुठं जन्मला?" त्यांनी विचारलं.

"कुरुंद्याला. तुझ्या माहेरी."

"त्याची नोंद कुठं हाय?"

मी वर्तमानपत्र जवळ ओढलं.

"आठव्या दिवशी सायकल काढून तुमीच गेले व्हते तिथल्या ग्रामसेवकाकडं. जन्म झाला तिथंच नोंद व्हते, असा नियम हाय म्हून माझ्या बापाला शिकवत व्हते. मंग त्या बाईच्या बापाला काय शिकवलं?"

चाळीस वर्षांच्या संसारात मला बऱ्याच वेळा निरुत्तर केलं त्यांनी, पण तेव्हा मी वर्तमानपत्र उघडत असे. त्या दिवशी उघडता आलं नाही. पद्धत, उद्दिष्ट, चिखल, तीन गावांचा चार्ज, ही सगळी कारणं मी इतकी वर्षं जपून ठेवली होती. माझ्या स्वतःच्या पोराच्या बाबतीत त्यांतलं एकही आड आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सुमनला फोन केला. "चिठ्ठी टाकून दिली नाहीस ना?"

"न्हाई. काहून?"

"सुनावणी कधी आहे? मी येतो."

सुनावणीच्या दिवशी आधी खिडकीवर अडलो. बाबूनं चिठ्ठी पाहिली आणि परत केली. "ह्याच्यावर जिल्हा परभणी आहे. परभणीला अर्ज करा."

"अहो, तेव्हा हिंगोली जिल्हाच नव्हता. नव्व्याण्णव साली झाला."

"मग जन्म परभणी जिल्ह्यात झाला."

"गाव उठून कुठं गेलं नाही, साहेब. जिल्हा गेला."

"तसं लिहून आणा कुणाचं तरी."

मी तिथंच लिहून दिलं. जिल्हा बदलला याचा दाखला देण्याचा अधिकार मला कोणी दिला, हे त्यानं विचारलं नाही. कागद मिळाल्यावर तो समाधानी झाला. मी त्याला ओळखलं. म्हणजे नाव नव्हतं माहीत, पण खुर्चीवर बसल्यावर मीही असाच दिसत असणार.

आतले साहेब तरुण होते. त्यांच्यासमोर दोन कागद होते: एक चिठ्ठी आणि दुसरा त्या महिन्याचा अहवाल. तालुक्यानं सगळं हरवलं असेल, पण माझा निरंक जपून ठेवला होता.

"दोन्ही सह्या तुमच्या?"

"हो."

"यात मुलगी झाली म्हणताय. त्यात कोणी जन्मलं नाही म्हणताय. यातलं खोटं काय?"

"अहवाल."

"अहवाल शासकीय कागद आहे. चिठ्ठी खाजगी वाटते. मी शासकीय कागद खोटा आणि चिठ्ठी खरी कशी मानू?"

"साहेब, अहवाल मी खुर्चीवर बसून लिहिला, गावात न फिरता. चिठ्ठी लिहिली तेव्हा पोरीचा आजोबा समोर उभा होता. माणूस समोर असला की खोटं लिहिणं अवघड जातं. नोंद घेणार नाही असं मी त्याच्या तोंडावर म्हणालो, पण जन्म झाला नाही असं मात्र लिहू शकलो नाही."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं, की नोंद तुम्हीच घ्यायची?"

सुमन शेजारी उभी होती. लक्ष्मीबाई दाराशी. इथं 'अनवधानाने राहून गेली' म्हणता आलं असतं. तो शब्द मी हजार वेळा लिहिला आहे आणि तो कधीही दगा देत नाही.

"माहीत होतं," मी म्हणालो. "माझ्या मुलाची नोंद मी त्याच नियमानं करून घेतली होती."

साहेबांनी खात्रीसाठी मला कोऱ्या कागदावर सही करायला सांगितली. सही जुळली नाही. तीनदा केली, तिन्ही वेगळ्या. मग त्यांनी चिठ्ठीचाच मजकूर लिहायला सांगितला. 'येथे बाळंत झाली असून मुलगी झाली आहे', एवढं लिहिलं. अक्षर म्हातारं झालं होतं, पण 'झ' तसाच होता, शेपटी खाली ओढलेला. त्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि मान हलवली.

"जबाब लिहून द्या," ते म्हणाले. मग कागद बाजूला सारत, "पेन्शनची भीती नाही वाटली?"

"वाटली. म्हणूनच इतकी वर्षं आलो नाही."

ते हसले. "अहो, निवृत्तीनंतर इतक्या जुन्या गोष्टीवर चौकशी लावता येत नाही. नियम आहे. तुम्हाला माहीत नव्हता?"

नव्हता. तीस वर्षं लोकांना नियम दाखवून परत पाठवणाऱ्या माणसाला स्वतःला वाचवणारा नियम माहीत नव्हता. असता तर मी आधीच येऊन खरं सांगितलं असतं का? सांगितलं असतं असं म्हणायला मला आवडेल. पण हा लेख मी खरं लिहायला घेतला आहे.

आदेश मुदतीच्या चार दिवस आधी मिळाला. सुमन तो घेऊन आईसह थेट माझ्या घरी आली. या वेळी दोघींनी चहा घेतला. सुमनच्या चेहऱ्यावरून कळत होतं, की तिनं तो वाटेत वाचला आहे. लक्ष्मीबाईंना वाचता येत नाही.

"भाऊसाहेब, तुमीच वाचा," त्या म्हणाल्या. "बाबा तुमच्याकडूनच लिवून घ्यायला आले व्हते. आता तुमच्या तोंडून ऐकू द्या."

मी चष्मा लावला. अर्जदार सुमन, आईचं नाव लक्ष्मी, जन्मठिकाण आमचं ते गाव, सगळं वाचत गेलो. त्या ऐकता ऐकता मान डोलवत होत्या. मग कारणाचं वाक्य आलं. कचेरीबाहेर झाडाखाली बसणारे टायपिस्ट उशिराच्या अर्जासाठी एकच मजकूर वर्षानुवर्षं वापरतात. सुमनचा अर्जही तसाच होता, आणि आदेशात तो जसाच्या तसा उतरला होता. माझा चार पानी जबाब जोडपत्रात कुठंतरी मागं होता. आदेशात लिहिलं होतं: 'अर्जदाराचे आजोबा व आईवडील अडाणी असल्याने, त्यांच्या अज्ञानामुळे जन्माची नोंद वेळेत करावयाची राहून गेली.'

मी थांबलो.

"वाचा की," लक्ष्मीबाई म्हणाल्या. "उशीर काहून झाला, ते लिवलं असंल नं?"

मारोतराव माझ्यासमोर उभे राहून चिठ्ठी वाचत होते. ह्याच्यात तर तुमीच लिवलं, की हितं झाली म्हून.

मी कागद डोळ्यांजवळ धरला आणि वाचलं, "अर्जदाराचे आजोबा मारोतराव यांनी तीन वेळा खेपा घालूनही ग्रामसेवकाने जाणूनबुजून नोंद न घेतल्यामुळे जन्माची नोंद राहून गेली."

लक्ष्मीबाईंनी पदर तोंडाला लावला. मग लेकीकडे वळल्या. "बाबाचं नाव हाय त्यात? खरंच असं लिवलंय?"

सुमन माझ्याकडे बघत होती. तिला मराठी येतं, इंग्रजी येतं, आता जर्मनही येतं.

"व्हय, माय," ती म्हणाली. "असंच लिवलंय."

तसं लिहिलेलं नाही. म्हणून मी ते इथं लिहिलं.